‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणि आपले संदर्भलेखन

बौद्ध अध्ययनाच्या क्षेत्रात मराठीतून लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रसिद्धीसाठी सिद्ध केलेले निबंध हाती घेतले की एक उणीव वारंवार दृष्टीस पडते. विषय चांगला असतो, तळमळ खरी असते, प्रतिपादनही पुष्कळदा सरस असते. आणि तळटिपांत मात्र ‘दीघनिकाय, भाग २’, ‘महावग्ग, पृ. १२’, ‘तथागतांनी म्हटले आहे’ एवढेच आढळते. कोणाचा दीघनिकाय, कोणत्या लिपीतला, कोणी संपादिलेला, कोणता महावग्ग, यांपैकी कशाचाही पत्ता नसतो. हा केवळ टंकलेखनाचा किंवा मांडणीचा दोष आहे असे काही अभ्यासक मानतात, आणि तो संपादकाने दुरुस्त करून घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. आम्हांस ही समजूत मान्य नाही. ज्या परंपरेत आपण लिहितो त्या परंपरेने संदर्भाचा विचार फार पूर्वी आणि फार गंभीरपणे केलेला आहे.

महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथील आनंदचेतियात तथागतांनी चार महापदेस सांगितले. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल की अमुक आवासातील थेरांसह असलेल्या संघाकडून ऐकले. तिसरा अनेक बहुश्रुत थेरांचा दाखला देईल, चौथा एका बहुश्रुत थेराचा. चारही प्रसंगी तथागतांचा आदेश एकच आहे. त्या बोलण्याचे लगेच अभिनंदन करू नये, त्याचा धिक्कारही करू नये. ती पदे, ती व्यंजने नीट ग्रहण करून सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावीत. जुळली तर स्वीकारावीत, न जुळली तर सोडून द्यावीत. हाच उपदेश अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातही आला आहे. येथे सांगणाऱ्याचे पद, वय वा प्रतिष्ठा पुरेशी मानलेली नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. ताडून पाहण्याची क्रिया ऐकणाऱ्याकडे सोपविली आहे. ताडून पाहावयाचे तर ते वचन कोठे आहे हे कळले पाहिजे. संदर्भाचे काम एवढेच आहे, आणि ते लेखकाने टाळले तर वाचकाचा अधिकारच तो काढून घेतो.

सम्राट अशोकाचा बैराट येथे सापडलेला आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला शिलालेख या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यात भिक्खू, भिक्खुनी आणि उपासक-उपासिका यांनी वारंवार श्रवण व मनन करावे म्हणून सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. त्यांपैकी सहांचे केवळ नाव आहे. सातव्याच्या बाबतीत, म्हणजे ‘लाघुलोवादे’ या पर्यायाच्या बाबतीत, लेखात एक जादा खुलासा येतो : मृषावादासंबंधी भगवान बुद्धांनी केलेला तो उपदेश. हा खुलासा का आला असावा? राहुलाला उद्देशून केलेले उपदेश एकाहून अधिक आहेत. आजच्या मज्झिमनिकायातच अम्बलट्ठिक-राहुलोवाद हे ६१ वे, महाराहुलोवाद हे ६२ वे आणि चूळराहुलोवाद हे १४७ वे सुत्त आहे; सुत्तनिपातातील राहुलसुत्त वेगळेच. नुसते ‘राहुलोवाद’ म्हटल्याने वाचक गोंधळेल, म्हणून विषय सांगून निश्चिती केली. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील हे संदर्भलेखन आजच्या पुष्कळ प्रबंधांपेक्षा काटेकोर आहे, असे म्हणणे आम्हांस भाग आहे. उलट, जेथे असा खुलासा नाही तेथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘उपतिसपसिने’ म्हणजे नेमके कोणते सुत्त, यावर विद्वानांचे एकमत होऊ शकले नाही. कोणास ते सुत्तनिपातातील सारिपुत्तसुत्त वाटते, कोणास मज्झिमनिकायातील रथविनीतसुत्त. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ साली ‘इंडियन ॲन्टिक्वेरी’त या सातही नावांचा तिपिटकाशी मेळ घालण्याचा प्रयत्न केला. गोव्यातून निघून सिंहल व ब्रह्मदेशात पालि शिकलेल्या या गृहस्थाने एका शिलालेखातील सात नावांसाठी केवढे परिश्रम घेतले, हे आपल्या नव्या अभ्यासकांनी तो लेख मिळवून अवश्य पाहावे.

आता एक घरचे उदाहरण घेऊ. ‘अत्त दीप भव’ हे शब्द आपल्या विहारांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर, पुस्तकांच्या मलपृष्ठांवर सर्वत्र दिसतात, आणि निबंधांत ते ‘महापरिनिब्बानसुत्त’ एवढ्या संदर्भासह उद्धृत होतात. या रूपात हे वाक्य पालि तिपिटकात नाही. महापरिनिब्बानसुत्तात वेळुवगामकातील वर्षावासाच्या प्रसंगी आनंदाशी बोलताना तथागतांनी जे म्हटले त्यात ‘अत्तदीप’ हा शब्द बहुवचनी आहे, क्रियापदही निराळे आहे, आणि लगेच पुढे धम्माला दीप व शरण करण्याचा उल्लेख आहे. धम्मपदाच्या २३६ व्या गाथेत एकवचनी उपदेश आहे, पण त्याची शब्दरचना आणखी वेगळी. भिंतीवरचे ब्रीद म्हणून ते असू द्यावे. त्याला आमचा विरोध नाही. परंतु शोधनिबंधात उद्धरणचिन्हांत घातलेले वाक्य मूळ ग्रंथात त्याच अक्षरांनी असले पाहिजे. ज्याने मूळ स्थळ उघडून पाहिले त्याला आणखी एक प्रश्न भेटतो : ‘दीप’ म्हणजे दिवा की द्वीप? पालित दोन्ही अर्थ संभवतात; अट्ठकथेने आणि संस्कृत परंपरेने द्वीप हा अर्थ घेतला आहे. ब्रीदवाक्यावर विसंबणाऱ्याला हा प्रश्न सुचतही नाही.

आणि स्थळ द्यावयाचे ठरविले तरी ते कसे द्यावे? याच उताऱ्याचा पत्ता तीन प्रकारे लिहिता येतो. पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीप्रमाणे तो दुसऱ्या खंडाच्या १०० व्या पृष्ठावर आहे, म्हणून ‘दी.नि. २.१००’. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छापलेल्या छट्ठसंगायनाच्या देवनागरी आवृत्तीत खंड आणि परिच्छेद यांची संख्या देतात, म्हणून तेथे ‘दी.नि. २.१६५’. सुत्ताच्या अंतर्गत विभागणीप्रमाणे लिहिले तर सोळाव्या सुत्ताच्या दुसऱ्या भाणवारातील सव्विसावा परिच्छेद, म्हणून ‘१६.२.२६’. तिन्ही बरोबर आहेत. अडचण अशी की देवनागरी अंकांत पहिले दोन अगदी एकसारखे दिसतात. एक लेखक पृष्ठ सांगत आहे, दुसरा परिच्छेद सांगत आहे, आणि वाचकाला ते कळण्यास मार्ग नाही. एकाच निबंधात दोन्ही पद्धती मिसळलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. लेखकाने एक संदर्भ छापील ग्रंथातून, दुसरा संगणकावरील पाठातून आणि तिसरा कुणाच्या तरी पुस्तकातून घेतला की असे होते. छट्ठसंगायनाच्या संगणकीय पाठात निरनिराळ्या आवृत्त्यांचे पृष्ठांक पाहण्याची सोय आहे, त्यामुळे निमित्तालाही आता जागा उरलेली नाही. आमची शिफारस अशी की सुत्ताचे नाव व अनुक्रमांक प्रथम द्यावा, त्यानंतर पालि टेक्स्ट सोसायटीचा खंड व पृष्ठ द्यावे, आणि कोणती पद्धत स्वीकारली ते निबंधाच्या आरंभी एकदा स्पष्ट लिहावे. देवनागरी आवृत्तीच वापरली असेल तर तिचा परिच्छेदांक द्यावा, त्यात कमीपणा नाही; मात्र ‘परि.’ असे अक्षर त्याच्या आधी घालावे.

अनुक्रमांकही सर्वत्र सारखे असतात असे नाही. कालामांना केलेला उपदेश आपल्या लेखकांना अतिशय प्रिय आहे, आणि तो असावा हे योग्यच. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील हे सुत्त पालि टेक्स्ट सोसायटीच्या गणनेत ६५ वे आणि छट्ठसंगायनाच्या गणनेत ६६ वे आहे. ‘अं.नि. ३.६५’ वाचून इगतपुरीची प्रत उघडणाऱ्याला भलतेच सुत्त सापडेल. संयुत्तनिकायाच्या सगाथावग्गाची गोष्ट याहून बिकट आहे. लेऑन फेअर यांनी १८८४ साली काढलेल्या खंडाची जागा १९९८ साली सोमरत्न यांच्या नव्या संपादनाने घेतली आणि पृष्ठांक बदलले. तेव्हा या खंडापुरते तरी ‘फेअर’ की ‘सोमरत्न’ हे सांगणे आवश्यक झाले आहे. गाथाबद्ध ग्रंथांचे सोपे आहे : धम्मपद, सुत्तनिपात, थेरगाथा, थेरीगाथा यांना गाथाक्रमांक द्यावा, पृष्ठ देऊ नये. सुनीत थेरांच्या गाथा ६२० ते ६३१ या आहेत एवढे म्हटले की कोणत्याही लिपीतील थेरगाथेत त्या सापडतात.

‘महावग्ग’ हे नाव विनयपिटकातील एका ग्रंथाचे आहे, दीघनिकायाच्या दुसऱ्या वग्गाचे आहे, संयुत्ताच्या पाचव्या वग्गाचे आहे, सुत्तनिपाताच्या तिसऱ्या वग्गाचेही आहे. म्हणून ‘विनय, महावग्ग’ असे पूर्ण लिहावे. ‘म.’ या एका अक्षराने मज्झिमनिकाय, महावग्ग, महावंस यांपैकी काहीही सूचित होऊ शकते. तसेच पालि सुत्ताचे नाव संस्कृत करून ‘महापरिनिर्वाणसूत्र’ असे लिहिण्याची सवय सोडावी. त्या नावाचे संस्कृत सूत्र स्वतंत्रपणे उपलब्ध आहे, महायानाचेही एक त्याच नावाचे सूत्र आहे; पालि सुत्ताचा मजकूर सांगून त्यांचे नाव देणे म्हणजे चुकीच्या घराचा पत्ता देणे होय.

ग्रंथसूचीतील नावांविषयी थोडे. आडनाव आधी व नाव मागून ही पाश्चात्त्य पद्धत सर्वत्र बसत नाही. वल्पोल राहुल यांच्या नावातील ‘वल्पोल’ हे गावाचे नाव आहे. सिंहली प्रथेप्रमाणे त्यांची नोंद ‘राहुल’ या नावाखाली व्हावयास हवी. भदन्त आनंद कौसल्यायन यांना मराठी सूचीत ‘कौसल्यायन’ खाली घेण्याची रीत रूढ आहे, ती पाळावी. एकाच सूचीत एकदा ‘आ’ मध्ये आणि एकदा ‘क’ मध्ये त्यांना बसवू नये. पूज्य बाबासाहेबांचे नाव ‘आंबेडकर, बी. आर.’ असे लिहिणे अनेकांच्या मनाला टोचते. ते आम्ही समजू शकतो. तरीही सूची ही ग्रंथ शोधण्याची वस्तू आहे, तेथे मुखपृष्ठावरील नाव घ्यावे. आदर निबंधाच्या वाक्यांत व्यक्त व्हावा. खरा अनादर आम्हांस दुसरीकडे दिसतो. हल्लीच्या लेखक-वर्ष पद्धतीत ‘आंबेडकर २०१४’ अशी नोंद सर्रास आढळते, कारण त्या वर्षी दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने समग्र लेखनाचे पुनर्मुद्रण केले. ज्या महापुरुषाचे परिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले त्याने २०१४ साली मत मांडले, असे वाचकाने समजावे काय? १९१६ सालचा जातिसंस्थेवरील निबंध, १९३६ चे जातिनिर्मूलनाचे भाषण आणि १९५६ मध्ये पूर्ण केलेला धम्मग्रंथ, तिन्ही ‘२०१४’ या एका अंकाखाली सपाट होतात आणि चाळीस वर्षांचा विचारविकास नाहीसा होतो. मूळ वर्ष आधी, पुनर्मुद्रणाचे वर्ष कंसात, ही साधी रीत येथे अनिवार्य समजावी.

येथून आम्ही ज्या ग्रंथासाठी हा लेख लिहीत आहोत त्याकडे वळतो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात स्रोत सांगणाऱ्या तळटिपा जवळजवळ नाहीत. यावरून दोन टोकांची अनुमाने काढली गेली. महाबोधी सभेच्या मासिकात १९५९ साली आलेल्या परीक्षणापासून पुढे एक पक्ष सांगत आला की हा बुद्धांचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे, यातील पुष्कळ मजकुराला ग्रंथाधार नाही. याला उत्तर म्हणून आपल्यातील काहींनी प्रत्येक वाक्यासाठी तिपिटकातील स्थळ दाखविण्याचा आग्रह धरला. पहिला पक्ष चुकला हे सिद्ध करणे कठीण नाही. दुसऱ्याने केलेले नुकसान अधिक सूक्ष्म आहे, आणि ते आपल्याच हातून होत असल्याने त्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संदर्भ देणे बाबासाहेबांना ठाऊक नव्हते, असे तर कोणी म्हणू शकणार नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ सालच्या ग्रंथाचा सारा डोलारा महाभारताच्या शांतिपर्वातील साठाव्या अध्यायाच्या ३८ ते ४० या श्लोकांवर, म्हणजे पैजवन नावाच्या शूद्राच्या उल्लेखावर उभा आहे. आणि तेथे ते श्लोक देऊनच थांबले नाहीत, हस्तलिखितांतील पाठभेदही त्यांनी मांडले. ‘शास्त्रात असे आहे’ एवढ्या वाक्यावर ज्या समाजाला शतकानुशतके दडपले गेले, त्या समाजाचा हा नेता शास्त्र उघडून पर्व, अध्याय, श्लोक, पाठभेद विचारत होता. धम्मग्रंथाची गोष्ट निराळी होती. तो सर्वसामान्य उपासकाच्या हाती द्यावयाचा होता, तो लिहिताना त्यांची प्रकृती ढासळली होती, आणि छापून झालेला पाहण्यास ते राहिले नाहीत. १९५६ साली लिहिलेल्या, परंतु पहिल्या आवृत्तीत समाविष्ट न झालेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की सामग्री निरनिराळ्या ग्रंथांतून जुळविलेली आहे. अश्वघोषाचे ऋण त्यांनी नाव घेऊन मान्य केले आणि काही प्रसंगांत त्याची भाषाही घेतल्याचे नमूद केले. स्रोत लपविणाऱ्याची ही रीत नव्हे.

शिवाय ग्रंथातच एक महत्त्वाची व्यवस्था आहे, तिचा उपयोग आपण करीत नाही. खंड, त्यात भाग, त्यात प्रकरण, आणि प्रकरणात क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, अशी त्याची रचना आहे. गाथाक्रमांकासारखी ही सोय असताना आपले लेखक ‘पृ. २७’ असे लिहितात, आणि तो पृष्ठांक १९५७ च्या इंग्रजी आवृत्तीचा, शासनाने १९९२ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या अकराव्या खंडाचा, की कोणत्या मराठी भाषांतराचा, हे सांगत नाहीत. ‘खंड १, भाग १, प्रकरण १४’ असे लिहिले तर नागपूरचा वाचक हिंदी प्रत उघडील, मुंबईचा मराठी, लंडनचा इंग्रजी, आणि तिघेही एकाच ठिकाणी पोहोचतील.

स्रोत शोधण्याचे पहिले मोठे काम भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी अनुवादात त्यांनी मूळ पालि व अन्य स्थळे शोधून नोंदविली. बिहार शासनासाठी भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून निघालेली देवनागरी तिपिटकाची मालिका तेव्हा नुकतीच पूर्ण होत होती. शब्दसूचीची यंत्रे नव्हती. जे सापडले ते स्मरणाच्या आणि पाठांतराच्या बळावर सापडले. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली अकराव्या खंडाची पुरवणी म्हणून पालि व अन्य स्रोतांचे स्वतंत्र पुस्तक काढले. आकाश सिंग राठोड व अजय वर्मा यांनी संपादिलेली चिकित्सक आवृत्ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०११ मध्ये प्रसिद्ध केली, तिने इंग्रजी वाचकाला हे स्रोत हाताशी दिले. म्हणजे साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही.

उणीव राहिली आहे ती संदर्भाच्या प्रकाराविषयी. प्रकरणाखाली ‘सुत्तनिपात’ एवढे लिहिले की त्याचा अर्थ काय समजावा? बाबासाहेबांनी हा मजकूर तेथून घेतला, की तेथे असाच मजकूर आढळतो, की त्या विषयाचा काही धागा तेथे आहे? या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांना तीन भिन्न खुणा हव्यात.

असितऋषीच्या भेटीचे प्रकरण पाहावे (१.१.४). आपले अभ्यासक त्याला सुत्तनिपातातील नालकसुत्ताचा आधार देतात. प्रसंग तेथे आहे, यात वाद नाही. परंतु बाबासाहेबांच्या कथनात असिताबरोबर त्याचा भाचा येतो आणि त्याचे नाव नरदत्त आहे. नालकसुत्तातील भाचा नालक आहे. नरदत्त हे नाव ललितविस्तराचे. एका नावाने स्रोत उघड होतो. येथे ‘आधार : ललितविस्तर’ आणि ‘तुलनीय : सुत्तनिपात, नालकसुत्त’ असे लिहिले पाहिजे. स्त्रियांनी राजपुत्राला मोहविण्याचा प्रयत्न आणि त्यानंतरचा उपदेश (१.१.१० ते १२) हा भाग बुद्धचरिताच्या चौथ्या सर्गातील आहे, तेथे पालि स्थळ शोधत बसणे व्यर्थ. संस्कृत ग्रंथांचे नाव घेतल्याने आपली बाजू दुबळी होते अशी एक अनाठायी भीती काही लेखकांच्या मनात दिसते. अश्वघोषाचे नाव बाबासाहेबांनी घेतले, आपण का बिचकावे?

सर्वांत नाजूक प्रकरण शाक्य संघाशी झालेल्या संघर्षाचे (१.१.१४ व १५). सिद्धार्थ विसाव्या वर्षी संघाचा सभासद होतो, आठव्या वर्षी रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव येतो, तो विरोध करतो, मतदानात हरतो, आणि देशत्याग पत्करतो. चार दृश्यांच्या पारंपरिक कथेऐवजी बाबासाहेबांनी परिव्रज्येचे हे कारण दिले. पालि साहित्यात काय आहे? रोहिणीच्या पाण्याचे भांडण आहे : धम्मपदाच्या १९७ ते १९९ या गाथांच्या अट्ठकथेत आणि ५३६ व्या कुणालजातकाच्या निदानात. पण तेथे ते संबोधीनंतरचे आहे. बुद्ध स्वतः जाऊन ते मिटवितात. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात, गाथा ९३५ पासून पुढे, शस्त्र उचलणाऱ्या आणि परस्परांशी झगडणाऱ्या लोकांना पाहून मनात उपजलेल्या संवेगाचे वर्णन आहे. त्यात शाक्य संघ नाही, सेनापती नाही, ठराव नाही. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आणि ‘बोधिसत्त्व’ नाटकात शाक्य-कोलियांच्या कलहाशी गृहत्यागाचा संबंध जोडला होता, आणि ते साम्य लक्षणीय आहे. पण साम्य आढळले एवढ्यावरून तो आधार ठरत नाही.

मग या प्रकरणाखाली नुसते ‘अत्तदंडसुत्त’ असे लिहिणारा काय करतो? वाचकाला तो सांगतो की ही कथा तेथे आहे. प्रतिपक्षाचा विद्वान सुत्तनिपात उघडतो, कथा सापडत नाही, आणि तो म्हणतो : पाहा, यांचे संदर्भ असेच असतात. एका खोट्या संदर्भामुळे शेजारचे दहा खरे संदर्भ संशयास्पद ठरतात. वस्तुतः येथे लपविण्यासारखे काहीच नाही. ग्रंथाच्या आरंभीच बाबासाहेबांनी चार दृश्यांची कथा बुद्धीला पटत नाही असे सांगून प्रश्न उभा केला आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर कधीच म्हातारा, आजारी वा मृत मनुष्य पाहिला नव्हता हे संभवनीय नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. उत्तर म्हणून त्यांनी गणराज्याच्या राजकारणातून कारण मांडले. ही त्यांची स्वतंत्र मांडणी आहे, आणि ‘बाबासाहेबांची मांडणी, तुलनीय : अत्तदंडसुत्त, धम्मपद-अट्ठकथा, गाथा १९७–१९९, जातक ५३६’ असे प्रामाणिकपणे लिहिल्याने तिचे मोल वाढते. ज्याला तिच्याशी वाद घालावयाचा असेल त्याने त्या युक्तिवादाशी घालावा.

बुद्धवचनाच्या अविचारी स्वीकाराविषयी बाबासाहेब स्वतः किती सावध होते, हे चौथ्या खंडात दिसते. तथागतांच्या वचनांचा विपर्यास त्यांच्या हयातीतच होत असे हे दाखविताना त्यांनी पाच सुत्तांची नावे दिली आहेत : अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक. ही पाचही मज्झिमनिकायातील, अनुक्रमे २२, १३६, ९०, ३८ आणि ५५ वी सुत्ते होत. ज्या ठिकाणी चुकीच्या उद्धरणाचा प्रश्न आहे नेमके त्याच ठिकाणी त्यांनी नावे देण्याची काळजी घेतली, हा योगायोग आम्ही मानत नाही.

उसन्या संदर्भांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. भदन्तजींच्या किंवा शासकीय पुरवणीतील स्थळ उचलायचे, मूळ ग्रंथ न पाहता आपल्या तळटिपेत बसवायचे, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव गाळायचे, हा प्रकार फार बोकाळला आहे. छपाईतील चूकही मग पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी प्रवास करते, आणि तिच्या मागावरून उसनवारी ओळखता येते. मूळ ग्रंथ पाहणे शक्य झाले नाही तर ‘कौसल्यायन यांच्या आधारे’ असे लिहावे. तालुक्याच्या महाविद्यालयात रोमन तिपिटकाचा संच नसतो, हे आम्ही जाणतो. अशा ठिकाणाहून ‘आधारे’ म्हणून आलेला संदर्भ आम्हांस शहरातील ग्रंथालयात बसून न पाहता लिहिलेल्या संदर्भापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो. संगणकावरून घेतलेल्या पाठाबद्दलही हेच : कोणता पाठ, कोणाचा, ते सांगावे, आणि निदान एकदा तरी मागचे-पुढचे दोन परिच्छेद वाचावेत.

वर सांगितलेल्या तीन खुणांनी, म्हणजे ‘आधार’, ‘तुलनीय’ आणि ‘स्वतंत्र मांडणी’ अशा विभागणीने, संपूर्ण ग्रंथाची मराठी टीपासूची तयार व्हावयास हवी. एका व्यक्तीचे हे काम नाही. पहिल्या खंडाच्या पहिल्या भागात एकवीस प्रकरणे आहेत. पालि आणि संस्कृत दोन्ही जाणणाऱ्या तीन-चार अभ्यासकांनी तेवढीच आधी घ्यावीत, प्रत्येक परिच्छेदासमोर स्थळ लिहावे, सापडले नाही तेथे जागा कोरी सोडावी, आणि ती कोरी जागाही छापावी.